लॉबीतली भिंत चालू झाल्यावर ती कोणाच्या ताब्यात असेल?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: चार वर्षं तुम्ही कोड लिहून चित्रं घडवताय, दोन छोटी प्रदर्शनं झाली आहेत. आता एका मोठ्या कंपनीसाठी काम करणाऱ्या एजन्सीनं विचारलंय की मुख्यालयाच्या लॉबीतल्या एलईडी वॉलसाठी कायमस्वरूपी काम कराल का, आणि त्याचाच एक भाग प्रॉडक्ट लाँचच्या रात्री स्टेजवर वापरू द्याल का. सोबतचे कलाकार म्हणतात, ‘ही कला नाही, महागडं डेकोरेशन आहे.’ आणि तुम्ही विचारताय, हे घेतलं तर मी कलाकार उरतो का?

मी सतरा वर्षं याच कामात आहे. लॉबी, लाँचचे स्टेज, संग्रहालयांतल्या अंधाऱ्या खोल्या, सगळीकडे केबल ओढल्या आहेत. त्यामुळे आधीच सांगते, ‘कला की करमणूक’ हा प्रश्न धरून बसलात तर निर्णय होणार नाही. या माध्यमात ती रेघ कधी नीट आखलेलीच नव्हती. मी वेगळं विचारते. हे काम चालू झाल्यावर ते कोणाच्या ताब्यात असेल? कोण ते बदलू शकेल, कापू शकेल, बंद करू शकेल? आणि त्याच्यासमोर असलेल्या माणसाच्या वाट्याला काय येईल?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी शिल्लक नसेल तर वाटाघाटीत आवाज बारीक होतो, आणि त्यात तुमचा दोष नाही. भिंत आधीच बसवली आहे, की तिचं माप आणि जागा ठरवताना तुम्हाला विचारणार आहेत? करार थेट कंपनीशी आहे की एजन्सीशी? हे कळल्याशिवाय ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ मी म्हणणार नाही. पण तपासायचं कसं, ते सांगू शकते.

मित्रांच्या आक्षेपापासून सुरू करते. एकीकडे शुद्ध कला आहे आणि बाहेरून करमणूक आणि कंपन्या येऊन ती बाटवतात, असं त्यांना वाटतं. तुम्ही स्वतः लिहिलंय की तुमचं बहुतेक काम पर्लिन नॉइजवर, म्हणजे निसर्गासारखी अनियमितता तयार करणाऱ्या गणितावर, उभं आहे. केन पर्लिन १९८२ च्या ‘ट्रॉन’ या चित्रपटावर काम करणाऱ्यांपैकी एक. संगणकानं काढलेल्या वस्तू फार गुळगुळीत, फार यंत्रासारख्या दिसतात, याचा त्यांना कंटाळा आला आणि त्यातून हे गणित निघालं. १९८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि त्यासाठी त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. म्हणजे तुमच्या चित्रांतले ढग आणि लाटा हॉलिवूडच्या कारखान्यातून आल्या आहेत. हात हलवला की प्रतिसाद देणारी कितीतरी इन्स्टॉलेशन्स किनेक्टवर उभी राहिली, आणि तो तर नोव्हेंबर २०१० मध्ये व्हिडिओ गेमसाठी विकायला आलेला कॅमेरा. बाजारात आल्यावर काही दिवसांतच लोकांनी त्याचा खुला ड्रायव्हर, म्हणजे तो साध्या संगणकाला जोडणारा कोड, लिहिला आणि तो कलाकारांच्या हातात आला.

त्याच्याही आधीचे जॉन व्हिटनी बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफेचा नेम साधणारं यंत्र त्यांनी भंगारातून मिळवलं आणि त्याचं चित्रं काढणारं यंत्र केलं. १९६० मध्ये ‘मोशन ग्राफिक्स’ नावाची कंपनी काढून चित्रपटांची आणि टीव्हीची शीर्षकं, जाहिराती केल्या. १९६१ चा त्यांचा ‘कॅटलॉग’ हा लघुपट मुळात त्या यंत्रावर काय काय करता येतं याचा नमुनासंग्रह होता, आपण आज शोरील म्हणतो तसा. आज तो या माध्यमाच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या कलाकृतींमध्ये दाखवला जातो. पुढे आयबीएमनं त्यांना पाठबळ दिलं. त्यांना कलाकार न म्हणण्याचं धाडस तुमचे मित्रही करणार नाहीत.

तेव्हा कंपनीचा पैसा लागला एवढ्यानं काम बाद होत नाही. ते हातातून कुठे निसटतं, हे समजून घ्यायचं तर १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनातल्या पेप्सीच्या दालनाची गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटते. नवीन क्लायंटकडे जाण्यापूर्वी मी दर वेळी ती आठवते.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेचे इंजिनियर बिली क्लूव्हर आणि रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्यासारख्या कलाकारांनी १९६६ मध्ये ‘एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी’ ही संघटना सुरू केली होती. पेप्सीनं ओसाकाचं दालन त्यांच्याकडे सोपवलं. आत सुमारे २७ मीटर व्यासाचा गोलाकार आरसा. त्याखाली उभं राहिलं की तुमचीच प्रतिमा उलटी होऊन डोक्यावर हवेत लटकलेली दिसायची. पडद्यावर नाही, प्रत्यक्ष हवेत. बाहेरून सगळ्या घुमटावर फुजिको नाकाया यांनी केलेलं खऱ्या पाण्याचं धुकं. भव्यतेला कुठे कमी नव्हती. पण कलाकारांना तिथे ठरावीक वेळेचा ठरावीक शो नको होता. प्रेक्षकानं हवं तसं फिरावं, आणि तिथे मुक्कामाला असलेल्या कलाकारांनी आवाज आणि प्रकाश सतत बदलत ठेवावा, अशी कल्पना होती.

बांधायला पैसे मिळाले. चालवण्याच्या खर्चावरून मात्र वाद झाला आणि दालन उघडल्यानंतर थोड्याच काळात कंपनीनं कार्यक्रम स्वतःच्या हातात घेतला. इमारत तीच राहिली, आत काय घडायचं ते आता दुसरं कोणी ठरवू लागलं. इथे कोणी खलनायक शोधू नका. खर्च वाढतोय हे कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण काम उभं राहिल्यावर ते कोण चालवणार, कशाच्या जोरावर आणि किती दिवस, हे पक्कं नव्हतं. माझ्या पाहण्यातली निम्मी भांडणं याच जागी होतात. बनवण्याचा खर्च सगळे धरतात, चालवण्याचा कोणी धरत नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. तुमच्याकडूनही तीच होण्याची शक्यता आहे.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका लॉबीसाठी मी अकरा मीटर रुंद भिंतीचं काम केलं. ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटच्या मागणीपत्रात, लिहिलं होतं की आत येणाऱ्या पाहुण्यावर पहिल्या सात सेकंदांत छाप पडली पाहिजे. मी ते मनावर घेतलं. दर दीड मिनिटानं सगळे कण एका बिंदूकडे खेचले जायचे, भिंत क्षणभर पांढरीशुभ्र व्हायची आणि मग रंग उसळायचे. उद्घाटनाला टाळ्या पडल्या. तीन आठवड्यांनी मी एक अपडेट टाकायला गेले. भिंतीला चित्र पुरवणारा संगणक, म्हणजे मीडिया सर्व्हर, रिसेप्शनच्या मागच्या कपाटात होता. डेस्कवरच्या ताईंनी मॉनिटरच्या कडेला एक जाड फाइल उभी करून ठेवली होती, भिंतीच्या बाजूनं आडोसा म्हणून. मी कपाट बंद केल्यावर त्या म्हणाल्या, ‘मॅडम, एक विचारू? ते पांढरं होतं ना, ते जरा कमी करता येईल का? आता सवय झालीय म्हणा, व्हायच्या आधीच मी डोळे मिटते.’

मी गाडीत बसून हिशोब केला. दीड मिनिटाला एकदा म्हणजे तासाला ४० वेळा, नऊ तासांच्या पाळीत ३६० वेळा. पाहुणा ते एकदा बघणार, या बाई रोज ३६० वेळा. मी ज्याच्यासाठी काम केलं होतं तो माणूस तिथे सात सेकंद असायचा, आणि जी खरोखर तिथे होती तिच्यासाठी मी काहीच केलं नव्हतं.

परत आत गेले, खुर्ची मागितली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारी बसले. लॉबीचं काम कसं करायचं हे मी त्या दुपारी शिकले. खिडकीतून ऊन आत सरकतं तेव्हा भिंत निस्तेज दिसते, म्हणून कोणीतरी ब्राइटनेस वाढवून ठेवला होता आणि तो रात्रीही तसाच राहायचा. आतल्या भिंतींसाठीचे एलईडी पॅनल पूर्ण ताकदीवर हजार निट्सच्या (निट म्हणजे पडद्याची चमक मोजायचं एकक) आसपास जातात. बंद लॉबीत त्याच्या पाचव्या हिश्श्यातही काम चालतं. मी लाइट सेन्सर लावला, ब्राइटनेस दिवसाच्या उजेडाशी बांधला. पांढरा क्षण काढून टाकला. कोणताही मोठा बदल वीस मिनिटांच्या आत पूर्ण होणार नाही, असं कोडमध्येच ठरवून टाकलं. आणि दिवसातून एकदा, साधारण चारच्या सुमाराला, डाव्या खालच्या कोपऱ्यात एक निळा रंग येईल. तोही रोज नाही.

मार्केटिंगच्या प्रमुखांचा फोन आला, ‘वाव मोमेंट कुठे गेला?’ मी त्यांना म्हटलं, दहा मिनिटं भिंतीसमोर उभे राहा, मग बोलू. ते चार मिनिटं राहिले असतील, पण त्यांनी काम बदलायला सांगितलं नाही. काही महिन्यांनी मी पुन्हा गेले तेव्हा ताई म्हणाल्या, ‘आज निळं आलं नाही.’ पावसाची वाट बघणारी माणसं आभाळाबद्दल बोलतात तशा त्या बोलत होत्या. माझ्या कामाबद्दल कोणत्याही प्रदर्शनात मी यापेक्षा चांगलं काही ऐकलेलं नाही.

यात सुरक्षेचाही भाग आहे, तो हलक्यात घेऊ नका. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही सार्वजनिक भिंतीवर टाकायचं नाही. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये एका लोकप्रिय कार्टूनच्या भागात लाल-निळा प्रकाश वेगानं लुकलुकला आणि जवळपास ७०० प्रेक्षकांना रुग्णालयात न्यावं लागलं. टीव्ही बंद तरी करता येतो. लॉबीत नोकरी करणाऱ्याला तेही शक्य नसतं.

भव्यतेबद्दल तुमच्या मित्रांचा जो राग आहे, तोही मला अर्धाच पटतो. टीमलॅब या कलाकारांच्या गटाचं टोकियोतलं ‘बॉर्डरलेस’ हे डिजिटल कलेचं संग्रहालय २०१८ मध्ये उघडलं आणि पहिल्या वर्षात सुमारे २३ लाख लोक तिथे गेले. इतक्या लोकांना कोणी फसवून आत नेलेलं नाही, त्यांना तिथे काहीतरी मिळालं. १९९९ च्या शेवटी मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात नव्या सहस्रकाच्या स्वागताचा सरकारी सोहळा होता. राफाएल लोसानो-हेमर यांनी चौकाभोवती १८ सर्चलाइट लावले, कित्येक मैलांवरून दिसतील असे, आणि त्यांचं नियंत्रण इंटरनेटवरून कोणालाही देऊन टाकलं. घरी बसलेल्या माणसानं आकाशात प्रकाशाची रचना मांडायची. तिच्या फोटोंसह त्याच्या नावाचं पान तयार व्हायचं, आणि तिथे त्यानं लिहिलेला मजकूर कोणी तपासून कापत नसे. सोहळा तोच आणि सरकारी पैसाही तोच. बदललं ते एवढंच की सुकाणू प्रेक्षकाच्या हातात गेलं.

याच्या शेजारी लास वेगासचा स्फिअर, म्हणजे बाहेरून सगळा पडदाच असलेलं गोल सभागृह, ठेवून बघा. २०२३ मध्ये त्याच्या बाहेरच्या अवाढव्य पडद्यावर डिजिटल कलाकार रफीक अनादोल यांचं काम झळकलं. त्यांची रंगांची जाण मला मनापासून आवडते. पण त्याच पडद्यावर जाहिराती विकल्या जातात, आणि खाली रस्त्यावर उभ्या माणसाला फोन वर धरण्यापलीकडे काही करायचं नसतं. हे काम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कलेचा वेळ आणि जाहिरातीचा वेळ यांच्यामधली भिंत तिथे फार पातळ आहे, आणि मला तशा जागी माझं काम नको. टाइम्स स्क्वेअरमध्ये रोज रात्री ११:५७ ते १२ तिथले बरेच पडदे जाहिराती बाजूला ठेवून एकाच कलाकाराचं काम दाखवतात. तीनच मिनिटं, पण ती घड्याळाला बांधलेली आहेत. तुम्हीही लॉबीसाठी असं काहीतरी मागा: या वेळेत भिंतीवर लोगो येणार नाही, स्वागताचा मजकूर येणार नाही, तिमाही निकालांचे आकडे येणार नाहीत. हे मागितलं नाही तर सहा महिन्यांत तुमचं काम ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ लिहिण्यासाठीची पार्श्वभूमी होतं. मी होताना पाहिलं आहे.

लाँचच्या रात्रीबद्दल माझं मत ठाम आहे. लॉबीचं काम स्टेजवर देऊ नका. स्टेजसाठी वेगळं करा, त्याचे वेगळे पैसे घ्या, आणि ते कंपनीच्या सेवेसाठी केलेलं काम आहे हे स्वतःशी मान्य करून जीव ओतून करा. स्टेजच्या कामाला कमी लेखायचं कारण नाही. क्यूवर, म्हणजे ठरलेल्या इशाऱ्यावर, अचूक उतरणारं दृश्य उभं करणं हे मोठं कसब आहे, आणि मला टायमिंग शिकवलं ते स्टेजच्या तंत्रज्ञांनी. पण एकदा मी माझी सहा मिनिटांची रचना लाँचला वापरू दिली. टेक रिहर्सलमध्ये ती चाळीस सेकंदांची झाली आणि शेवटी काउंटडाऊन लागला. संथ विरघळण्यासाठी केलेला भाग चौपट वेगानं फिरवून त्यावर खोक्याचा फोटो बसवला. त्यानंतर तीच रचना गॅलरीत लावली तर कानात काउंटडाऊन वाजायचा. ती मला पुन्हा कुठेच दाखवता आली नाही.

आणखी एका मागणीची तयारी ठेवा, ती बहुधा उशिरा आणि सहज बोलता बोलता येते. भिंत इंटरॅक्टिव्ह असेल तर तिला डेप्थ कॅमेरा, म्हणजे समोरच्या माणसाचं अंतर मोजणारा कॅमेरा, असणार. मग कोणीतरी विचारतं, ‘हा कॅमेरा आहेच, तर किती लोक थांबले, किती वेळ थांबले, चेहऱ्यावर काय भाव होते, एवढा डेटा मिळेल का?’ तांत्रिकदृष्ट्या तासाभराचं काम आहे. मी नाही म्हणते. माणूस आपल्या सावलीशी खेळायला पुढे येतो, मोजून घ्यायला नाही. माझ्या कोडमध्ये कॅमेऱ्याची फ्रेम मेमरीत येते, तिच्यातून आकृती निघते आणि फ्रेम टाकून दिली जाते. डिस्कवर काही लिहिलं जात नाही. हे मी करारात घालते, आणि भिंतीशेजारी छोट्या पाटीवरही लावते. या एका अटीवर दोन कामं हातची गेली आहेत. पैशाची ओढ होती तेव्हाही मला त्याचं वाईट वाटलं नाही.

तुमचं नाव कसं वापरलं जाईल, हेही बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयचं ‘सोरा’ हे व्हिडिओ बनवणारं एआय इतरांच्या आधी वापरायला मिळालेल्या काही कलाकारांनी ते सगळ्यांसाठी उघडं करून टाकलं. फुकट चाचण्या आणि प्रसिद्धी यांसाठी आपला वापर होतोय, अशी त्यांची तक्रार होती. तुमच्या प्रकरणात कंपनीनं ‘आम्ही कलेला पाठिंबा देतो’ असं पत्रक काढलं तर तुमच्या तोंडी घातलेलं वाक्य तुम्ही आधी वाचलेलं असलं पाहिजे. एवढी एक ओळ करारात पुरते.

कराराचं बोलायचं तर एजन्सीच्या छापील मसुद्यात बहुतेक वेळा ‘सोर्स कोडसह सर्व हक्क’ असं असतं. तिथे थांबा. त्या भिंतीवर, त्या पत्त्यावर, ठरावीक वर्षं चालवण्याचा परवाना द्या. कोड आणि तुमची स्वतःची लायब्ररी तुमच्याकडे राहू द्या, नाहीतर उद्या स्वतःचंच फंक्शन वापरायला परवानगी मागावी लागेल. बदल करायचा तर तुम्हाला विचारून, आणि विचारलं नाही तर तुमचं नाव काढायचं. देखभालीची रक्कम दर वर्षी वेगळी, तिच्यात तुमच्या दोन भेटी धरलेल्या. पॅनल बदलताना रंग पुन्हा जुळवण्याचं काम तुमचंच. आणि काम नको झालं तर ते पूर्ण बंद करावं, अर्धवट कापून चालवू नये. शेवटची अट ऐकून लोक चकित होतात, पण बहुधा मान्य करतात, कारण त्यात त्यांचं काही जात नाही. सगळ्या अटी मिळणार नाहीत. मी स्वतः बदलाची आणि कॅमेऱ्याची अट सोडत नाही, बाकीच्यांवर बोलणी होऊ देते. तुमच्या दोन कोणत्या, ते एजन्सीला भेटण्याआधी ठरवून जा.

त्याच्याही आधी एक करा. एजन्सीला सांगून एखाद्या साध्या कामाच्या दिवशी सकाळीच त्या लॉबीत जाऊन बसा. प्रेझेंटेशन नको, लॅपटॉप नको. भिंत लागायची ती जागा कुठे, ऊन कुठून येतं, रिसेप्शनचं तोंड कुठे आहे, सुरक्षारक्षक कुठे उभा असतो, सफाईला येणारी बाई किती वाजता येते, हे वहीत लिहा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा. मग त्या माणसांपैकी कोणालातरी विचारा की दिवसभर इथे बसून त्यांना काय बघायला आवडेल. त्यांनी दिलेलं उत्तर मला नक्की कळवा.